तंबाखूतला ‘ख’

घरच्या बागेत तंबाखूचे झाड वाढवणारा हिंदीभाषक ‘गमले में तंबाकू’ म्हणतो, मराठीभाषक ‘कुंडीत तंबाखू’ म्हणतो. झाड तेच, माती तीच. पण हिंदी वाक्यातली दोन्ही नामे पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरलेली आहेत आणि मराठीतले एकच. ‘गमला’ हा मूळचा पोर्तुगीज ‘गामेला’, म्हणजे लाकूड कोरून केलेली पसरट काठवट. उत्तरेत या शब्दाने झाडाची कुंडी असा अर्थ धरला. मराठीत तोच शब्द ‘घमेले’ झाला आणि बागेत जाण्याऐवजी गवंड्याच्या हाताखालच्या बाईच्या डोक्यावर जाऊन बसला. अर्थात कुंडी भरायची तर माती घमेल्यातूनच आणावी लागते, तेव्हा गामेल्याची सुटका आपल्याकडेही नाही.

आता दोन जोड्या शेजारी ठेवून पाहा: गमला–घमेले आणि तंबाकू–तंबाखू. हिंदीत ‘ग’ आणि ‘क’. मराठीत ‘घ’ आणि ‘ख’. परका शब्द मराठी तोंडात आला की त्याला एक ‘ह’कार चिकटतो की काय, अशी शंका यायला एवढे पुरेसे आहे. शंका खरी की खोटी ते पाहण्यासाठी शब्दाच्या जन्मगावापासून निघावे लागेल.

ते जन्मगाव कॅरिबियन बेटांत. तिथल्या टायनो लोकांच्या बोलीतून स्पॅनिश भाषेने ‘ताबाको’ उचलला, असे सर्वसाधारण मत आहे. पण ताबाको म्हणजे नेमके काय, यावर सोळाव्या शतकातच दोन साक्षीदारांचे जुळत नाही. ओविएदो म्हणतो, धूर नाकात ओढण्याची जी दुबेळक्याच्या आकाराची नळी असे तिचे नाव ताबाको. बार्तोलोमे दे लास कासास म्हणतो, पाने गुंडाळून केलेल्या सुरळीला ते लोक ताबाको म्हणत. म्हणजे एकाच्या मते ती चिलीम, दुसऱ्याच्या मते विडी. झाडाला ते नाव टायनोंनी दिलेले नसावे, ऐकणाऱ्यांनी दिले असावे. वस्तू दाखवून नाव विचारले की सांगणारा कशाचे नाव सांगतो आहे हे विचारणाऱ्याला नेहमीच कळते असे नाही.

यात तिसरा पेच अरबीचा. अरबी वैद्यकात ‘तुब्बाक’ नावाची एक औषधी वनस्पती कोलंबसाच्या कितीतरी शतके आधीपासून आहे आणि स्पॅनिशमध्येही ‘आताबाका’ हे एका रानटी झुडपाचे नाव जुने आहे. त्यामुळे काही अभ्यासकांना असे वाटते की स्पॅनिश खलाशांनी नवे झाड पाहिले आणि ओठांवर घरचेच जुने नाव आले. मला हे अशक्य वाटत नाही. पोर्तुगीज माणसाने आपल्याला ‘बटाटा’ दिला तो शब्दही टायनोंचाच, आणि मुळात तो रताळ्याचा. नावे अशी एका कंदावरून दुसऱ्या कंदावर सहज सरकतात.

पोर्तुगीज ‘ताबाको’तला शेवटचा ओ बोलताना जवळजवळ ‘उ’ होतो. म्हणून मराठी ‘तंबाखू’तला दीर्घ ऊ थेट गोव्याहून आला असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. पण शेवटी असा ओ असलेल्या पोर्तुगीज शब्दांचे आपण एरवी काय केले ते पाहा. ‘कार्तुशो’चे काडतूस केले, ‘प्रातो’वरून परात आली असे मानतात, ‘सापातो’वरून सपाता आली असावी. शेवटच्या ओ-उची पर्वा आपण कुठेच केलेली दिसत नाही. मग तंबाखूतच तो इतका दीर्घ होऊन का राहिला? शिवाय मधला ‘म्’ कोठला? पोर्तुगीज शब्दात अनुनासिक नाही. ते आहे फारसीत. फारसी ‘तंबाकू’ उच्चारला की ‘म्’ही मिळतो आणि दीर्घ ऊही. तेव्हा झाड समुद्रमार्गे आले आणि शब्द दरबारामार्गे, असे म्हणावेसे वाटते. पोर्तुगीज ‘पीपा’चे मराठीत ‘पिंप’ झाले, तिथे अनुनासिक आपणच घातले आहे, हे मात्र प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो. विरुद्ध पक्षाला तेवढा एक पुरावा असू द्यावा.

दरबार म्हटले की विजापूर आठवते. अकबराचा दूत असद बेग सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी विजापूरला गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. तो ती जडावाच्या नळीसकट आग्र्याला घेऊन गेला आणि बादशहासमोर ठेवली. हकिमांत वाद झाला, बादशहाने झुरका घेऊन पाहिला, ही हकीकत असद बेगनेच लिहून ठेवली आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की उत्तरेला तंबाखू दख्खनेतून गेली. गोव्याची गलबते आणि विजापूरची फारसी यांच्या मध्ये मराठी मुलूख. शब्द दोन्हीकडून कानावर पडत असणार, आणि बहुधा फारसी रूपाने बाजी मारली असावी.

विजापूरच्या खाली उतरले की चित्र बदलते. कन्नडमध्ये ‘तंबाकु’ आहे, पण घरगुती शब्द ‘होगेसोप्पु’: होगे म्हणजे धूर, सोप्पु म्हणजे पाला. तेलुगूत ‘पोगाकु’, तमिळमध्ये ‘पुगैयिलै’, मलयाळममध्ये ‘पुकयिला’. सगळ्यांचा अर्थ धुराचे पान. ही केवळ द्राविडी खोड म्हणावी तर सिंहलीत ‘दुम्कोळ’, ओडियात ‘धुआंपत्र’, असमियात ‘धपात’. दक्षिण आणि पूर्व किनाऱ्याने परका शब्द बाजूला ठेवून डोळ्यांना दिसले ते नाव दिले, आणि उत्तर-पश्चिमेने परका शब्द तसाच ठेवून घेतला. तुर्की ‘तुतुन’ही मूळचा धूरच. मराठी या सीमारेषेवर उभी आहे. आपण ‘धूम्रपर्ण’ करू शकलो असतो, केले नाही. क्रियापद मात्र आपण निवडले. हिंदीत तंबाकू ‘पीते हैं’, बंगालीत तामाक ‘खातात’, आपण विडी ‘ओढतो’. ‘धूम्रपान’ लिहिणारा मराठी माणूस बोलताना कधी विडी पीत नाही. ओढणे हे फारसी ‘कशीदन’चे सरळ भाषांतर दिसते, आणि त्याच धातूतला ‘कश’ आपण वेगळा ठेवून घेतला आहे, तो मारायला.

आता ‘ख’. फारसीत क, हिंदीत क, कन्नडमध्ये क, गुजरातीत ‘तमाकु’. मराठीत ख. पहिला संशयित संस्कृत. पंडितांनी ‘तमाखु’ असे रूप रूढ केले आणि त्यात त्यांना ‘आखु’, म्हणजे उंदीर, सापडला. यावर एक प्रसिद्ध सुभाषित आहे. ‘तमाखुपत्रम्’ हा शब्द एका वाचनात तंबाखूचे पान होतो. ‘तम् आखुपत्रम्’ असा फोडला की उंदीर हे ज्याचे पत्र, म्हणजे वाहन, तो गणपती होतो. राजाने कशाला भजावे आणि कशाला भजू नये हे पदच्छेदावर ठरते. गंमत उत्तम आहे, पण व्युत्पत्ती म्हणून ती उलट दिशेची साक्ष देते. पंडिताने कोटी करण्यापूर्वी कानावर ‘ख’ पडलेला असणार. दुसऱ्या कोणी ‘ताम्रकूट’ हा भारदस्त शब्द घडवला. बंगालीत तो काही काळ चालला. तमालाशी नाते जोडण्याचाही प्रयत्न झालेला आहे. त्यात तथ्य नाही. तमालपत्र हा मसाल्याचा जुना शब्द आणि त्याची स्वतःची सफर याहून लांबची: ग्रीकांनी तो ऐकला, सुरुवातीचा ‘त’ आपल्या भाषेतले उपपद समजून गाळला आणि उरलेल्याचे ‘मालाबाथ्रोन’ केले.

संस्कृत नाही, तर मग मराठी तोंड. पुरावा बराच मिळतो. फारसी ‘पोशाक’ हिंदीत पोशाकच राहिला, मराठीत ‘पोशाख’ झाला. फारसी ‘कीसा’, म्हणजे थैली, आपला ‘खिसा’ झाला. गामेल्याचे घमेले आपण पाहिलेच. घरच्या शब्दांतही ही सवय दिसते: पेरणे या अर्थाचा संस्कृत धातू ‘वप्’, त्याच्याच कुळातला ‘वाफा’ असावा, आणि तिथेही ‘प’चा ‘फ’ झालेला आहे. एवढे जमल्यावर नियम मांडण्याचा मोह होतो. पण लगेच ‘चाकू’ आडवा येतो. त्याचा ‘चाखू’ कोणी केला नाही. ‘नाजूक’ नाजूकच राहिले. शिवाय नेपाळीत ‘तमाखु’ आहे आणि हिंदीच्या काही बोलींतही ख ऐकू येतो. तेव्हा हा नियम नव्हे, कल म्हणावा. काही शब्दांना तो लागला, काहींना नाही.

एकदा ‘आखू’ ऐकू यायला लागला की तो सुटा होऊन हिंडायला लागतो. गूळ घालून हुक्क्यासाठी तयार केलेली ती ‘गुडाखू’. यात गुड पूर्ण आहे आणि तंबाखूचे फक्त शेपूट. या शेपटाचा दुसरा अवतार थोडा पुढे, रोगांच्या ठिकाणी भेटेल.

कुंडीकडे वळतो. ‘कुण्ड’, ‘कुण्डी’, ‘कुण्डिका’ ही सगळी संस्कृतात प्रतिष्ठित मंडळी: यज्ञाचे कुंड, देवळापुढचे कुंड, संन्याशाची पाण्याची कुंडिका. तरीही मूळ द्राविडी असण्याची दाट शक्यता आहे. तमिळमध्ये ‘कुण्टु’ म्हणजे खोलगट जागा, डबके. कन्नडमध्ये ‘गुंडी’ म्हणजे खड्डा. म्हणजे कुंडी मुळात भांडे नसून पोकळी असावी. बौद्ध भिक्षूंबरोबर हीच कुंडिका पूर्वेकडे गेली आणि मलायी भाषेत ‘केन्दी’ नावाची तोटीची सुरई होऊन राहिली. आपल्याकडे तिला तळाला भोक पडले आणि ती झाडाची झाली. पाणी धरण्यासाठी जन्मलेल्या शब्दाला पाणी सोडण्याचे काम मिळाले! तंबाखूच्या बाबतीत ते भोक महत्त्वाचे. या झाडाच्या मुळांना साचलेले पाणी अजिबात सोसत नाही. एक दिवस तुंबले की पाने माना टाकतात.

झाड चार-सहा फूट वाढते, म्हणून बारा-चौदा इंची कुंडी लागते. त्याहून लहान घेतली तर झाड जगते, पण पान रुंद होत नाही. अशी मोठी कुंडी महाग पडते म्हणून लोक जुनी बालदी किंवा कापलेले पिंप वापरतात. बालदी म्हणजे पोर्तुगीज ‘बाल्दे’, पिंपाचा उल्लेख वर आलाच. थोडक्यात, मराठी माणसाने काटकसर केली की पोर्तुगीज पुन्हा हजर. ठेवायची कुठे, तर परसात नाहीतर गच्चीवर, जिथे दिवसातले सहा-आठ तास ऊन मिळेल. ‘परसबाग’ अर्धी मराठी अर्धी फारसी. ‘गच्ची’ ही ‘गच’वरून, आणि गच हा फारसीत चुनखडीचा गिलावा. चुना घोटून केलेली जमीन ती गच्ची. तंबाखूच्या झाडाला अशा रीतीने वयात येण्यापूर्वीच चुन्याचा सहवास घडतो.

मातीत घालायचे ‘खत’ घ्या. दस्तऐवजातले खत, म्हणजे खरेदीखत, मृत्युखत, हे अरबीतून फारसीमार्गे आलेले ‘खत’, लिहिलेली रेघ. शेतातले खत त्याचे कोणी लागत नाही. ते खणणे या अर्थाच्या ‘खात’शी जोडलेले असावे, म्हणजे ज्या खड्ड्यात ते कुजते त्याच्यावरून. दोन अनोळखी शब्द एकाच पोशाखात भेटल्यासारखे हे झाले. कुंडीत यांपैकी दुसरे चांगले कुजलेले, आणि पालाशयुक्त असल्यास उत्तम. क्लोरीन असलेले खत मात्र टाळतात. तंबाखूच्या पानात क्लोराइड साठले की पान जाड, ठिसूळ होते आणि वाळल्यावर नीट जळत नाही. म्हणून पालाश द्यायचे ते सल्फेटच्या रूपात. शहरातले नळाचे पाणीही जाणकार एक रात्र उघडे ठेवून मग घालतात.

बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे बसतात. ते मातीत पुरायचे नसते. उजेड लागल्याखेरीज ते नीट रुजत नाही. बारीक वाळूत नाहीतर राखेत मिसळून वर भुरभुरायचे आणि फवाऱ्याने ओल ठेवायची. उगवते त्याला पुस्तकात ‘रोप’ म्हणतात. तो शब्द रुह्-रोपयति या घरंदाज मार्गाने आलेला आहे. कोल्हापूर-निपाणीकडे मात्र ‘तरू’ म्हणतात: तंबाखूचा तरू, मिरचीचा तरू. संस्कृतात तरू म्हणजे डेरेदार वृक्ष. तो आकसून बोटभर रोपावर कसा आला? भाताच्या रोपांना अन्यत्र ‘तरवा’ म्हणतात, तो याचाच भाऊ दिसतो. मला वाटते, शेतकऱ्याने शब्द लहान केला नसून पुढचे झाड रोपातच पाहिले असावे. पण हे माझे लाडके मत आहे, पुरावा नव्हे.

लावायची कोणती? वनस्पतिशास्त्राने दोन जाती मुख्य मानल्या, ‘निकोटियाना टबॅकम’ आणि ‘निकोटियाना रस्टिका’. ‘रस्टिका’ म्हणजे खेडवळ, गावठी. १७५३ मध्ये लिनियसने ही नावे पक्की केली. गंमत अशी की उत्तर हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याने नेमकी याच गावठी जातीला ‘विलायती’ म्हटले आणि टबॅकमला ‘देसी’. एकच झाड लॅटिनमध्ये गावंढळ आणि हिंदीत परदेशी! दोन्ही जाती मूळच्या अमेरिकेतल्या, त्यामुळे देसी कोणीच नाही. ‘देशी’ हे विशेषण जन्मस्थान सांगत नाही; आधी कोण आले एवढेच सांगते. व्हर्जिनिया ही टबॅकमचीच एक तऱ्हा. नाव अमेरिकेतल्या वसाहतीचे आणि वसाहतीला ते अविवाहित एलिझाबेथ राणीवरून पडलेले, म्हणजे अर्थ ‘कुमारी’. संस्कृतात ‘कुमारी’ म्हणजे कोरफड. गच्चीवर शेजारी शेजारी ठेवल्या तर या दोन कुमारिका एकमेकींना ओळखणार नाहीत. मात्र आपल्याकडे व्हर्जिनिया तंबाखू पिकवण्यासाठी १९७५ च्या तंबाखू मंडळ कायद्याने नोंदणी लागते, हे हौशी माणसाने विसरू नये.

झाड कमरेच्या वर आले आणि गुलाबी-पांढरी फुले दिसू लागली की ‘शेंडा खुडतात’, म्हणजे जोर पानांत जातो. शेंडा आणि शेंडी दोन्ही ‘शिखण्ड’कडून आलेले असावेत. शेंडा गेला की पानाच्या बेचक्यांतून कोंब फुटतात. ही ‘बगलफूट’. बगल फारसी, फूट आपली. परसबागेसारखाच संकर, आणि किती नेमका! झाडाला काख आहे हे ज्याने प्रथम पाहिले त्याचा डोळा चांगला होता. बगलफूट दर आठवड्याला काढावी लागते. हे काम उघड्या हाताने, सकाळी दव असताना करू नये. ओल्या पानातले निकोटिन कातडीतून आत जाते आणि मळमळ, चक्कर सुरू होते. तंबाखू न खाता, न ओढता लागते ती अशी.

आता ते शेपूट. तंबाखूच्या मुळावर पोसणारी एक बिनहिरवी वनस्पती आहे, ऑरोबँकी. तिला मराठीत म्हणतात ‘बंबाखू’. या शब्दावर माझे फार प्रेम आहे. आपण जेवण-बिवण, पाणी-बिणी म्हणतो, तशी ही जवळजवळ तंबाखूची प्रतिध्वनी-जोडी. नियमाप्रमाणे ‘बिंबाखू’ व्हायला हवे होते. पण इथे प्रतिध्वनीला खरे अंग होते, जमिनीतून उगवत होते, म्हणून त्याला स्वतंत्र नाम मिळाले असावे. जोडशब्दातला अर्थहीन भाग उठून आधीच्या शब्दाचे रक्त प्यायला लागला, असे दुसरे उदाहरण मला मराठीत ठाऊक नाही. कुंडीत ताजी माती वापरली तर बंबाखूची भीती जवळजवळ नाही. तिचे बी शेताच्या मातीतून येते.

दुसरा शत्रू पानावर हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची नक्षी काढतो. मराठी शेतकरी भेंडीवरच्या अशा पिवळेपणाला ‘केवडा’ म्हणतो. रोगाला फुलाचे नाव देण्याइतका रसिकपणा नुकसान सोसणाऱ्याने दाखवावा, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. मिरचीच्या गोळा झालेल्या पानांना तो ‘चुरडामुरडा’ म्हणतो. तिथे मात्र रसिकता संपून नुसता आवाज उरतो. तंबाखूवरच्या नक्षीला आडोल्फ मायर याने १८८६ मध्ये मोझॅक हे नाव दिले. १८९२ मध्ये इव्हानोव्स्कीला दिसले की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही रोगाचा रस निसटतो. १८९८ मध्ये बायरिंकने त्या अदृश्य कारणाला ‘व्हायरस’ म्हटले. म्हणजे व्हायरस हा शब्द आज ज्या अर्थाने जगभर चालतो त्याचा जन्म तंबाखूच्या पानावर झाला. लॅटिनमध्ये ‘विरुस’ म्हणजे विष. आणि ते आपल्या ‘विष’चे सख्खे भावंड, एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. त्यामुळे मराठीत ‘विषाणू’ घडवणाऱ्याने नुसते भाषांतर केले असे म्हणता येत नाही. नकळत त्याने दुरावलेले भाऊ एका घरात आणले. कुंडीवाल्यासाठी यातली व्यवहाराची गोष्ट अशी की हा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो. विडी ओढलेल्या किंवा तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला शिवले तर रोग लागतो. ज्यांना हे झाड लावण्याची सर्वांत जास्त हौस असते, त्यांच्याच हातून त्याला सर्वांत जास्त धोका असतो, आणि साबणाने हात धुणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

शेजारी टोमॅटो, मिरची, वांगे यांच्या कुंड्या असतील तर त्यांनाही सांभाळावे, कारण ही सगळी एकाच कुळातली भावकी, धोतराही त्यातलाच. त्याच भावकीत पेटुनिया आहे, हिवाळ्यात प्रत्येक रोपवाटिकेत मिळणारी, कुंडीतून रंगीत कर्णे लोंबवणारी. तिच्या नावाचा माग काढला तर ब्राझीलच्या तुपी भाषेत जातो. तिथे तंबाखूला ‘पेती’ या तऱ्हेचे नाव होते. फ्रेंचांनी त्याचे ‘पेतुन’ केले आणि त्यावरून फुलाला पेटुनिया. म्हणजे ज्या सोसायटीच्या सभेत गच्चीवर तंबाखू लावायला हरकत घेतली जाते, त्या सभेतल्या निम्म्या घरांच्या खिडकीत नावापुरती तंबाखू आधीच फुललेली असते. पेटुनियाला कसलीही नोंदणी लागत नाही.

‘निकोटियाना’ हे नाव झाँ निको या फ्रेंच वकिलावरून. तो पोर्तुगालच्या दरबारी होता आणि १५६० च्या सुमारास त्याने लिस्बनहून ही वनस्पती फ्रान्सच्या राजमाता कॅथरीनकडे औषध म्हणून पाठवली. पुढे १८२८ मध्ये हायडेलबर्गच्या पोसेल्ट आणि राइमान यांनी पानातले विष वेगळे काढले, त्यालाही त्याचेच नाव लागले. हा निको पेशाने राजदूत असला तरी व्यासंगाने कोशकार होता. फ्रेंच भाषेचा त्याचा मोठा कोश १६०६ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यभर इतरांच्या शब्दांची मुळे धुंडाळणाऱ्या माणसाचे नाव स्वतःच धातू बनून राहावे आणि त्याच्या कोशाचे नाव शब्दवेड्यांखेरीज कोणाला आठवू नये, ही कोशकारांच्या नशिबातली नेहमीची गोष्ट.

पान खालून पिकत येते. खुडून सावलीत टांगले की आधी पिवळे पडते, मग तांबूस. इथून पुढे शब्द रंगांमागे धावतात. फारसी ‘जर्द’ म्हणजे पिवळा. त्यावरून ‘जर्दा’, आणि पिवळा आलुबुखारा तो ‘जर्दाळू’. ‘पिवळाजर्द’ म्हणताना आपण पिवळा दोनदा म्हणतो, आणि तरी तो अधिकच पिवळा वाटतो. वाळलेले पान कुटून केलेली पूड ती ‘तपकीर’, आणि तिच्यावरून ‘तपकिरी’ रंग. पण तपकीर कोठून आली? संस्कृतात ‘त्वक्क्षीर’ किंवा ‘तवक्षीर’ म्हणजे बांबूच्या पेरात मिळणारे पांढरे सत्त्व. त्यावरून कोकणातले ‘तवकील’, आरारूटचे पीठ. ‘तपकीर’ही त्याचेच रूप असावे, बारीक, मऊ पूड एवढेच साम्य धरून नाव औषधावरून व्यसनावर गेले असावे. खात्री हवी असेल तर गुजरातेत किराणा दुकानात जाऊन तपकीर मागावी. दुकानदार उपासाचे पांढरेशुभ्र पीठ बांधून देतो, आणि त्याला तपकिरी रंगाचे मराठी नाव सांगितले तर तो आपल्याकडे संशयाने पाहतो.